तंबूतला दुसरा आवाज

आमच्या घरात बुद्धवंदना होते, पण भूतखेत, अंगात येणं, असलं काही कधीच नव्हतं. 'पुरावा काय?' हा प्रश्न बाबांनीच आम्हाला शिकवला. मी बुलढाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तरी हे लिहितेय...

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचाच गेली. घरात बसून ते पार कोमेजले. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी आणि दादाने त्यांना मेहकर तालुक्यात, पैनगंगेच्या काठच्या एका छोट्या उद्यानात मुक्कामाला नेलं. तंबू ठोकायला जागा, एक नळ, बाकडी... बस. आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं.

सकाळी ऊन चांगलं वर आलं होतं. दादा भांडी घासायला तंबूच्या मागेच, उताराखाली नदीवर गेलेला. मी तंबूच्या दारासमोरच चहा ठेवला होता. आतून हसण्याचा आवाज आला — बाबांचा.

"काऊन बे, इतक्या दिवसांनी?"

स्पष्ट. अगदी पूर्वीसारखं. मी चहा खाली उतरवला.

आणि कुणीतरी उत्तर दिलं. पुरुषाचा आवाज, वयस्कर. "म्हटलं, पाहून यावं." मग जरा थांबून, "चालतं का मंग माह्या संग?"

"आज नाई," बाबा म्हणाले. "लेकरं आली हायेत."

मी चेन ओढून आत शिरले. बाबा एकटेच होते, उशीला टेकून, समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे बघत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तंबूला दार एकच, आणि दारात मी. बाबांजवळ फोनही नव्हता.

दादा धापा टाकत आला. "मीना, बाबा कोणाशी बोलून राह्यले?"

"तुले बी ऐकू आलं?"

"हाव. दोघं जण होते ना?"

मी बाबांचा हात धरला. "बाबा, कोण होतं?" त्यांनी तोंड उघडलं. नुसती घरघर.

डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडून कधी एखादं वाक्य निघू शकतं. दुसऱ्या आवाजाबद्दल विचारलं, तर त्यांनी मलाच विचारलं, झोप नीट होते का.

बाबा त्यानंतर बोललेले नाहीत. दादा म्हणतो, परत नेऊ त्यांना, निदान आवाज तरी ऐकू. बाबांनाही जायचंय. नदीचं नाव काढलं की पायाने चपला चाचपतात. मी मात्र दरवेळी काहीतरी कारण काढते. ते 'आज नाई' माझ्या कानातून जात नाही.