आबांना तहान नव्हती

चौऱ्याहत्तर साली सांगलीच्या एका इस्पितळात आम्ही दोघी लॅब असिस्टंटचं काम शिकत होतो. ती इस्लामपूरकडची. लाल साबणाने पुन्हा पुन्हा हात धुवायची, बोटं नाकाशी न्यायची आणि मला विचारायची, "वास येतुया का गं?" घरी तिने नर्सिंग शिकतेय म्हणून सांगितलं होतं.

एका दुपारी ती शौचाच्या नमुन्यांचा ट्रे घेऊन निघाली, तोच दारात तिचे वडील उभे. तिने घाईने ट्रे माझ्या हातात दिला. "हे काम हिचं असतंय, आबा," ती म्हणाली.

मी ट्रे आत ठेवला, हात धुतले आणि त्यांच्यासाठी पाणी आणलं.

"नगं. तहान न्हाई," म्हणत ते मागे सरकले. उन्हातून चालत आले होते, ओठ सुकलेले. पेला धरून मी तशीच उभी राहिले.

तिची मान खाली गेली. मग तिने तो पेला माझ्याकडून घेतला.

"आबा, ते काम माझंबी हाय. रोजचं. आता माझ्या हातचं तरी पिताय का?"

आबा तिच्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिले. शेवटी ते पाणी प्यायले, पण आम्हा दोघींपैकी कुणाच्याच तोंडाकडे त्यांना बघवेना.