चौथी तार

दांडिया बाजारात आमच्यासमोर राहणारे काका सिगारच्या लाकडी खोक्याची गिटार वाजवतात. कारखान्यातल्या यंत्राने त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली, तेव्हा एका नातेवाइकाने ही तीन तारांची गिटार आणून दिली. "तुम्हाला आता एवढी पुरे," असं तो म्हणाला. ते काकांना झोंबलं. त्यांनी गिटारीला चौथी खुंटी बसवली, गंधाराची तार चढवली आणि आपल्या वहीतली प्रत्येक चाल चार तारांसाठी नव्याने लिहायला घेतली. उदास चालींत ती तार खटकायची, मग ते ती अर्धा स्वर उतरवायचे.

मी एकदा म्हटलं, "काका, तीन तारांवर छान वाजत होतं की."

"वाजत होतं," वहीतून वर न बघता ते म्हणाले. "मला चार हव्यात."

यंदा गणपतीत ते चार तारांवर पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवायला बसले. मध्येच बोट घसरलं, सूर चुकला आणि ते थांबले. कार्यक्रम सांभाळणाऱ्या भाईंनी घाईघाईने टाळ्या सुरू केल्या. काकांना त्या अवघडलेपणातून सोडवायला म्हणून मीही वाजवल्या.

"बेसो, बेसो," आम्हाला गुजरातीत बसायला सांगत काका माइकमध्ये म्हणाले, "अजून संपलं नाही."

आणि त्यांनी ती चाल पहिल्यापासून धरली.