नाडी नसलेले काका

“रुमाल परत लाल झालाय. सांगा तिला.”

फोनवर काकूंचा आवाज काकांच्या मागून, नळाच्या आवाजातून आला. काका लगेच मला म्हणाले, “लिही, सगळं ठीक.”

काकांना नाडी नव्हती. छातीतला पंप रक्त सतत पुढे ढकलायचा, त्यामुळे मनगटावर ठोके लागत नसत. पहिल्या भेटीत मी उगाच शोधत राहिले, तेव्हा म्हणाले, “सोड गं, मी फक्त कागदोपत्री जिवंत आहे.” मी सिडनीतल्या एका हॉस्पिटलच्या संशोधनात काम करत होते. पंप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी चालते का, ते पाहायचं होतं. रक्त घट्ट झालं तर पंपात गुठळी, फार पातळ झालं तर रक्तस्राव.

जुन्या गोळीवर सारखी रक्ततपासणी, आणि पालेभाजी मोजूनमापून, कारण तिने गोळीचा असर कमी होतो. नव्या गोळीच्या गटात नाव आलं तसं काकांनी क्वेकर्स हिलच्या घरामागे मेथी पेरली. “दोन वर्षांनी माणसांत आलो,” म्हणाले.

लॉकडाऊनमध्ये भेटी बंद झाल्या. दर शुक्रवारी मी फोनवर ठरलेले प्रश्न विचारायची. काका मध्येच चिडवायचे, “तुझं मराठी कॉन्व्हेंटचं, पण कान चांगले आहेत हं.”

त्या शुक्रवारी मी विचारलं, “काका, काकू काहीतरी म्हणाल्या.”

“ती रोजच काहीतरी म्हणते. रक्त आलं का, नाही. लिही. नाहीतर तुझे डॉक्टर गोळी काढून घेतील आणि माझी मेथी जाईल.”

मोठ्या माणसाला खोटं कसं पाडायचं, हे मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. मी ‘नाही’वर टिक केली.

बुधवारी मेंदूत रक्तस्राव होऊन काका गेले. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. मी लॅपटॉपवर, म्यूटवर होते.

पंधरा दिवसांनी उरलेल्या गोळ्या परत मागायला फोन केला. तेही माझंच काम होतं. काकूंनी उचलला.

“मेथी गुडघ्याएवढी झालीय. उपटवत नाही,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “रुमालाचं त्यांनी सांगितलं होतं ना गं तुला? मी मागून ओरडत होते.”

काकांचा फॉर्म समोर उघडा होता. ‘नाही सांगितलं’ म्हटलं असतं तर ते खरंच होतं.

मी म्हणाले, “काकू, तुमचा आवाज मला ऐकू आला होता.”