आडनावाचा नकाशा

त्या आयरिश बाईंचा मला पहिल्या दहा मिनिटांतच राग आला. त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. माझ्या मुलीला दहावीला इतिहास शिकवतात त्या. साठीच्या आसपासच्या, पांढऱ्या केसांच्या, सदा हसऱ्या. दुबईतल्या तिच्या शाळेत आम्हा पालकांना बोलावलं होतं आणि बाई भल्यामोठ्या पडद्यावर स्वतःच्या आडनावाचा नकाशा दाखवत होत्या.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एक ठिपका. तिथून रेघा निघालेल्या, लिव्हरपूलला, बोस्टनला, शिकागोला, मेलबर्नला. एक रेघ थेट दुबईला, ती म्हणजे बाई स्वतः. त्यांच्या आडनावाच्या सुरुवातीला एक 'ओ' आहे, त्याचा अर्थ म्हणे नातू. कुणा जुन्या सरदाराचे हे सगळे नातू-पणतू. मग इंग्रजांचं राज्य आलं. 'ओ' लावणारा माणूस गावंढळ ठरायला लागला, म्हणून लोकांनी तो गाळून टाकला. पुढे बटाट्याचं पीक कुजलं, माणसं उपासमारीने मेली, उरलेली जहाजात बसली. अमेरिकेत त्यांनी कालवे खणले, विटा वाहिल्या, लोकांच्या घरी धुणीभांडी केली. तिथेही आडनाव ऐकून काम नाकारायचे. शेवटी बाईंच्या आजोबांनी म्हातारपणी अर्जबिर्ज करून तो 'ओ' परत लावून घेतला.

"आधी आम्ही लाजत होतो, मग आम्ही लाजणं सोडून दिलं," बाई इंग्रजीत म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. पालकही हसले, टाळ्या पडल्या. हॉलमधला एसी सुसाट चालू होता आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

सोडून दिलं म्हणे! डोंबलाचं सोडून दिलं. तुम्हाला देता आलं, बाई, म्हणून दिलंत.

मग त्यांनी प्रोजेक्ट जाहीर केला. प्रत्येक मुलाने दोन आठवड्यांनी याच हॉलमध्ये, पालकांसमोर, आपलं आडनाव कुठून आलं आणि दुबईपर्यंत कसं पोचलं ते सांगायचं. माझी मुलगी वळून माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, आपल्या बाबांकडे फर्स्ट क्लास स्टोरी असणार.

स्टोरी होती की. मी चौथीत असताना माझ्या वडिलांनी आमचं आडनाव बदललं. रीतसर, सरकारी राजपत्रात छापून. जुनं आडनाव असं होतं की ते उच्चारलं की समोरच्याला आमची जात कळायची, आणि कळली की समोरचा अर्धा इंच मागे सरकायचा. नवं आडनाव वडिलांनी गावावरून घेतलं, शेवटी 'कर' लावून. छान, मोघम, कुणाचंही असू शकेल असं. गंमत बघा, ज्या गावाने आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं त्याच गावाचं नाव आम्ही आपल्या नावापुढे मिरवायचं. वडील त्या गावात पुन्हा कधी गेले नाहीत. एसटी गावाच्या फाट्यावर थांबली की ते मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसायचे.

शाळेत गुरुजींनी हजेरीत नवं आडनाव पुकारलं तेव्हा मी 'हजर' म्हटलंच नाही. मला कळलंच नाही की तो मी. दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं आणि मग कानफटात बसली. त्या दिवसापासून मी नव्या आडनावाला ताबडतोब ओ द्यायला शिकलो.

दुबईत आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. नोकरी अल क्वोजच्या कारखान्यांच्या भागात, इमारतींच्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांची ड्रॉइंग्ज काढायची. आजही तीच लाइन आहे, खुर्ची तेवढी बदलली. तेव्हा करामामध्ये आम्ही सहा मराठी पोरं एका फ्लॅटमध्ये राहायचो. फ्रिजवर कागद चिकटवलेला असायचा, कुणी कधी स्वयंपाक करायचा, कुणी भांडी घासायची. माझी स्वयंपाकाची पाळी मंगळवारी आणि शनिवारी. माझ्या हातचं पिठलं सगळे बोटं चाटून खायचे.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, माझा चुलतभाऊ मला भेटायला आला. वयाने मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. त्याच्या वडिलांनी आडनाव बदललेलं नव्हतं. तो मुहैस्नाहच्या लेबर कँपमध्ये राहायचा, बांधकामावर सळ्या बांधायचा. इस्त्रीचा शर्ट घालून, दोन बस बदलून आला होता. हातात त्याच्या आईने घरून पाठवलेला ठेचा. दारातच त्याने सगळ्यांशी हात मिळवला आणि आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं खणखणीत सांगितलं. वर म्हणाला, "मी ह्याचा सख्खा चुलतभाऊ!"

सगळ्यांनी या-बसा केलं. चहा झाला, ठेचा झाला. कुणी एका शब्दाने काही बोललं नाही. पुढच्या आठवड्यात फ्रिजवर नवा कागद लागला. त्यात स्वयंपाकाच्या रकान्यात माझं नाव नव्हतं. भांड्यांच्या रकान्यात तीनदा होतं, बाथरूमच्या रकान्यात दोनदा. मी विचारलं तर एक जण म्हणाला, "अरे, तू साइटवरून दमून येतोस ना, म्हणून." मी साइटवर जातच नव्हतो. दिवसभर टेबलाशी बसून रेघा ओढायचो. त्याला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघंही हसलो.

मी हसलो! आज पंचवीस वर्षं झाली, पण त्या हसण्याचा राग अजून जात नाही. तो कागद फाडून त्याच्या तोंडावर मारायला हवा होता. ते राहिलं बाजूला, मी काय केलं? पुढच्या शुक्रवारी दादाचा फोन आला, "येऊ का रे?" मी सांगितलं, ड्यूटी आहे. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही ड्यूटी. चार-पाच शुक्रवार असे गेले आणि मग त्याचा फोन यायचा थांबला. त्याचा व्हिसा संपून तो परत गेला, हे मला दोन महिन्यांनी घरून कळलं.

महिन्याभरात मी तो फ्लॅट सोडला. आणि नव्या जागी गेल्यावर सरळ एक इतिहासच रचला. आपल्या लोकांना तो लागतोच हो. समुद्र ओलांडून आले, मरीनामध्ये चाळिसाव्या मजल्यावर राहायला लागले, तरी पहिला प्रश्न काय? "मूळचे कुठले तुम्ही?" दुसरा, "कुलदैवत कोणतं?" आणि मग तो खास आवाज काढून, "तुमच्यात गौरी उभ्या की खड्यांच्या?" तुमच्यात! सरळ जात विचारा की, तोंड झिजतं का? पण नाही. वाटीभर शिरा हातात देऊन आडून आडून विचारायचं. यात सगळ्यात तरबेज म्हणजे मरीनामधल्या एक वहिनी, ज्यांच्याकडे आम्ही दर वर्षी गणपतीला जातो. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात आहे.

तर त्या वहिनींसाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी माझ्याकडे उत्तरं तयार असतात. एक देवी. एक आमराई, जी भाऊबंदकीत गेली. गौरी खड्यांच्या. वहिनी मान डोलावतात, म्हणतात, "वाटलंच!" काय वाटलं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

त्या दिवशी शाळेतून घरी आल्यावर मुलीने विचारलं तेव्हा मी हेच सगळं तिला ऐकवलं. तिने लिहून घेतलं, पण तोंड वाकडं केलं. "बाबा, दॅट्स सो बोरिंग. समबडी मस्ट हॅव डन समथिंग."

चार दिवसांनी ऑफिसमधून आलो तर डायनिंग टेबलावर आमची कागदपत्रांची फाइल उघडी. इथे राहणाऱ्या प्रत्येकाकडे ती असते. डिग्र्या, जन्मदाखले, लग्नाचा दाखला, सगळे शिक्के मारून आणलेले. टेबलावर राजपत्राचं ते पिवळं पान पडलं होतं आणि माझी मुलगी डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होती. शेजारी तिची आई उभी होती, हाताची घडी घालून.

"मी दाखवलं," बायको म्हणाली. "मी सगळं सांगितलं तिला. फ्रिजवरचा कागदसुद्धा."

मुलीला लाज वाटली असती तर मी समजू शकलो असतो. ती तर आनंदाने नुसती उसळत होती! "बाबा, इट्स लाइक मिसचा ओ! सेम टू सेम! यू ड्रॉप्ड इट बिकॉज ऑफ देम!" तिने नकाशा काढलासुद्धा होता. गावाचा ठिपका, तिथून दोन रेघा, दोन आडनावांच्या दोन रंगांत. एक वडिलांची, तालुक्याला, पुण्याला, माझ्या रूपाने दुबईला. दुसरी दादाची, थेट मुहैस्नाहला आणि परत. जुनं आडनाव तिने सुरेख काढलं होतं. तिच्या अक्षरात ते मी पहिल्यांदाच बघत होतो.

"हे तू बोलणार नाहीस," मी म्हटलं.

"व्हाय?"

"कारण तिथे त्या वहिनी बसलेल्या असतील. त्यांचा नवरा असेल. निम्मं महाराष्ट्र मंडळ असेल!"

"सो?"

सो म्हणे! माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुला काय कळतंय, तू इथे जन्मलीस, एसीत वाढलीस, तुझ्या डब्यातलं सगळे खातात. उद्या खायचे बंद झाले की ये माझ्याकडे, मग सांग सो. ती बाई गोरी आहे, तिच्या आजोबांची गोष्ट आता संपली, म्हणून लोक टाळ्या वाजवतात. आपली संपलेली नाही. आपल्याला टाळ्या नाही मिळणार, आपल्याला नवा कागद मिळेल.

"मिळू दे," बायको म्हणाली. "अहो, तिला बोलू द्या ना. किती दिवस त्या आमराईतले आंबे खायचे आपण?"

"तू गप्प बस," मी ओरडलो. लग्नाच्या वीस वर्षांत मी तिला असं पहिल्यांदा म्हटलं. मग मुलीकडे वळलो. "तू स्टेजवर ते आडनाव घेतलंस तर मी उठून निघून जाईन. सगळ्यांसमोर. खलास."

 तिने तो नकाशा गुंडाळला आणि आपल्या खोलीत गेली.

प्रोजेक्टच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. वहिनी नेमक्या माझ्या शेजारच्या खुर्चीत. एकेक मूल येत होतं, कुणाचं आडनाव केरळच्या घरावरून, कुणाचं लाहोरच्या धंद्यावरून. वहिनींच्या मुलीने आपल्या घराण्याला मिळालेल्या इनामाची सनद पडद्यावर दाखवली, वहिनींनी डोळे टिपले. मग माझी मुलगी आली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. उठायची तयारी ठेवली होती मी, खोटं कशाला सांगू. खरंच उठलो असतो.

तिने पडद्यावर नवा नकाशा लावला. एकच रेघ, एकच रंग. तिने गावाबद्दल सांगितलं, देवीबद्दल सांगितलं, आमराईबद्दल सांगितलं. आणि मग स्वतःच्या मनाने भर घातली. आमच्या पणजोबांनी म्हणे वाटसरूंसाठी त्या झाडांखाली पाणपोई घातली होती आणि सगळं गाव तिथे पाणी प्यायला यायचं. आमच्या हातचं पाणी, सगळं गाव! तिने हे इतक्या गोड हसून सांगितलं की मागच्या रांगेतून कुणीतरी 'वा' म्हणालं. मला पंचवीस वर्षांत हे सुचलं नव्हतं. पोरगी माझ्यापेक्षा सफाईने खोटं बोलत होती.

"बघा, वाटलंच!" वहिनी माझ्या कानाशी कुजबुजल्या. "घराणं लपत नाही हो."

टाळ्या थांबल्यावर आयरिश बाईंनी माइक घेतला. त्या खरंच कौतुकाने बघत होत्या. त्यांनी विचारलं, या एवढ्या प्रवासात तुमचं आडनाव कधी बदललं का? माझ्यासारखं काही गळलं का त्यातून?

 मुलीने हॉलमध्ये मला शोधलं. सापडलो तेव्हा बघत राहिली. घाबरून नाही, रागावूनही नाही. वाट बघत होती. मी नुसती मान हलवली असती तरी तिला पुरलं असतं. तिच्या हातात, कागदांच्या खाली, एक पिवळी कड मला दिसली. राजपत्राचं पान तिने स्टेजवर आणलं होतं.

मी माझ्या बुटांकडे बघितलं.

"नो, मिस," ती म्हणाली. "नेव्हर."

गाडीत ती मागे बसली होती. बायको माझ्याशी बोलत नव्हती, अजूनही नीट बोलत नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, अगदी साधा, परीक्षेचा पेपर देऊन आल्यावर विचारते तसा. "बाबा, वॉज दॅट ओके?"

सिग्नल हिरवा झाला. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. मी त्याला खिडकी उघडून शिव्या घातल्या, मराठीत, हिंदीत, जेवढ्या येतात तेवढ्या.

घरी पोचल्यावर तिने ते पान फाइलमध्ये ज्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात होतं त्याच कप्प्यात परत ठेवलं. दादाचा नंबर मी मिळवला आहे, तो आता गावीच असतो. अजून लावलेला नाही. आणि हे एवढं सगळं लिहिलं, बाईंवर, वहिनींवर, फ्रिजवरच्या कागदावर तोंडसुख घेतलं. पण आता पहिल्यापासून वाचून बघितलं, तर आमचं आडनाव त्यात मी कुठेही लिहिलेलं नाही.