ठकुबाईनं निवडलेलं यंत्र

भोरच्या शाईच्या कारखान्यात ठकुबाई बाटल्यांवर लेबलं चिकटवायची. भाटघरच्या शेतकरी घरातली, तिशीची बाई. ब्रशानं कागदाला खळ लावायची, मग तो बाटलीवर ठेवून अंगठ्यानं दाबायचा. तिच्याबरोबर आणखी चौघीजणी होत्या. १९३८च्या उन्हाळ्यात पुण्या-साताऱ्याच्या शाळांकडून एवढी मागणी आली की पाचजणींचे हात पुरेनात. भरलेल्या बाटल्या लेबलांवाचून पडवीत अडून राहिल्या.

मालक उपेंद्रपंतांनी पुण्याच्या एका यंत्रविक्रेत्याला पत्र टाकलं. त्याच्याकडे दोन यंत्रं होती. एक तेलाच्या इंजिनावर चालणारं, खळ लावण्यापासून चिकटवण्यापर्यंत सगळं आपोआप करणारं. दुसरं हातानं फिरवायचं. त्याचा रूळ लेबलाला खळ लावून देई, चिकटवायचं माणसानं. पंतांचं मन इंजिनावर बसलं होतं.

"तुम्हीही चला, ठकुबाई," ते म्हणाले. "चालवायचं तुम्हालाच आहे."

त्या दिवसापासून ठकुबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. निघायच्या सकाळी मोटारीत ती मांडीवर पाटी घेऊन बसली. पाटीत पेंढ्यात खोचलेल्या वीस बाटल्या.

"त्यांच्याकडे बाटल्या असतीलच की," पंत म्हणाले.

"त्येंच्या असतील, मालक. आपल्या न्हाईत."

कापूरहोळला पक्की सडक लागेपर्यंत ती दर खड्ड्याला पाटी वर उचलून धरत होती.

पुण्यात विक्रेत्यानं इंजिन सुरू केलं. बाटल्या ओळीनं पुढं सरकू लागल्या आणि प्रत्येकीवर लेबल झटक्यात बसू लागलं. असलं काही ठकुबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"लई देखणं हाय," ती म्हणाली. "आता आमच्या लावून बगा."

विक्रेत्याच्या बाटल्या एका साच्यातल्या होत्या. कारखान्याच्या बाटल्या जुन्या बाजारातून आणलेल्या, कुणी पोटाशी फुगलेली, कुणी बुडाशी तिरकी. तिसरी अडकली, पाचवीचं लेबल चुरगळलं, नववी तडकली. विक्रेत्यानं इंजिन बंद केलं. पंतांचा चेहरा पडला.

ठकुबाई मात्र दुसऱ्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिली होती. "ह्ये फिरवा जरा."

विक्रेत्यानं दांडा फिरवला. खळ लागलेलं लेबल बाहेर आलं आणि तिनं ते तिरक्या बाटलीवर बरोबर बसवलं. मग दुसरं, तिसरं. बघता बघता उरलेल्या अकराही बाटल्या झाल्या. तिचा चेहरा फुलून आला होता.

"मालक, आमचा येळ खळ लावन्यात जातो, चिकटवन्यात न्हाई. आन बाटली वाकडी हाय ह्ये हाताला कळतं, इंजिनाला न्हाई."

"उद्या मागणी आणखी वाढली तर?"

"वाढू द्या की. एका साच्याच्या बाटल्या घ्याल, तवा इंजिन आना. आज ह्येच घ्या."

पंतांनी खिशातून पेन काढलं. मग हातयंत्राची ऑर्डर लिहून दिली.

चार दिवसांनी यंत्र मोटारीच्या टपावरून भोरला उतरलं. पहिल्याच दिवशी दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत संपलं. दांडा कुणी फिरवायचा यावरून बायकांची हसत हसत भांडणं लागली. शाळा उघडायच्या आत पडवी मोकळी झाली आणि पंतांनी ठकुबाईला मुकादम केलं.

दोन वर्षांनी गावातला एक साबणवाला यंत्र घ्यायला निघाला. पंतांनी त्याला तिच्याकडे धाडलं. तिनं त्याला खाली बसवलं आणि विचारलं, "आदी सांगा, तुमच्या वड्या समद्या सारख्या हाईत का?"