घोडा उभा शे

“हुंकारा द्या रे, घोडा उभा शे!”

रनाळे गावातल्या घराच्या ओट्यावर आम्ही सगळी घरची माणसं मिरच्यांची देठं खुडत बसायचो आणि आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, सरदार रणमलची गोष्ट सांगायचे. कुणी ‘हूं’ म्हटल्याशिवाय सरदाराचा घोडा पाऊल टाकत नसे.

रणमल हा राज्याच्या शेवटच्या गढीचा धनी. गढीखाली नदी, पल्याड राक्षसांचा मुलूख. राजा फौज कधीच पाठवत नसे. राक्षस आले की रणमल तटावर मिरच्यांची धुरी करी आणि ते शिंकत शिंकत परत जात. हे सगळं आबांनी बसल्या जागी रचलेलं.

हुंकाऱ्याचा मान त्यांच्या मुलाचा, दिलीपचा. ‘हूंऽऽ, मंग?’ असा त्याचा लांब हेल. पुढे त्याला सुरतेला कापडगिरणीत काम मिळालं. “वावर सोडीसन चालना ना? मंग परत ह्या ओटावर चढू नको,” आबा म्हणाले. तो खरंच चढला नाही. हुंकारा माझ्याकडे आला. मला हुंकाऱ्यापेक्षा शिंकाच जास्त. “शिंक म्हंजे हुंकारा नही रे, भो! घोडा बिचकी ऱ्हायना!”

त्यानंतर गोष्टीत रणमलला अचानक एक जाणता मुलगा निघाला. तो नदी ओलांडून गेला आणि सरदाराने गढीचा दरवाजा लावून घेतला. मोठी आई, म्हणजे दिलीपची आई, देठ खुडता खुडता म्हणायची, “उघाडी टाका ना आते ते दार. गोष्टच शे ना ती.”

“सरदार शे तो. त्याना शब्द शे,” आबा म्हणत.

आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दिलीप आला. बापाचाच मुलगा, ओट्यावर न चढता पायरीशी उभा राहिला. आबांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने दिसत नव्हतंच. ते रंगात आले होते. “आनि दारना बाहेर कोनीतरी उभं शे…” मी शिंकायच्या बेतात होतो, इतक्यात पायरीकडून आलं, “हूंऽऽ, मंग?”

आबांचा हात थांबला. मोठ्या आईने पदर तोंडाशी धरला. आबांचे ओठ हलले. मग त्यांनी हातातली मिरची टोपलीत टाकली.

“आज इतलंच.”

दिलीप दुपारच्या गाडीने परत गेला. आबांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही. डोळ्यात औषध घालताना एकदाच मला म्हणाले, “त्याना आवाज बारीक व्हयी गया ना रे?” पुढच्या हंगामात मिरच्या आल्या, आबा नव्हते.

आता लग्नाकार्यात घरातली पोरं मला धरतात. “काका, राक्षसांकडे पॉवर काय असते?” मी काहीबाही ठोकून देतो. केस पिकलेला दिलीप मागच्या खुर्चीतून मनापासून हुंकारा देतो. या खेपेला दार उघडायचंच, असं मी दरवेळी ठरवतो.

“आणि दाराबाहेर कुणीतरी उभं होतं,” मी म्हणतो आणि थांबतो.

मागून काहीच येत नाही. पोरं चुळबुळतात. घोडा उभा असतो.