पाहुण्या माशाला आग्रह

चहाचा कप आधी खाली ठेवा. ऐकताना सांडला तर मला बोल लावू नका. मी जो घोळ घातलाय ना, तो जळगावात आजवर कुणी घातला नसेल. घालणार तरी कसा? जळगावात समुद्राचे मासे पाळतंय कोण?

आम्ही पाळतो. म्हणजे आमची पोरगी सुजाता पाळते. ती धुळ्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला, सुट्टीला घरी येते. हॉलमध्ये तिनं खाऱ्या पाण्याची टाकी मांडलीय. खास मीठ आणून, मोजूनमापून केलेलं पाणी, आत दगड, आणि उन्हाळ्यात आमच्या कूलरचं तोंड टाकीकडे. आम्ही नवरा-बायको पेपरानं वारा घेतो.

शेजारचे नाना पहिल्यांदा टाकी बघायला आले, बोट बुडवून चाखून बघितलं आणि म्हणाले, "हाई बठ्ठं खारं पानी शे?"

"हो नाना, सगळं खारं."

"मंग ह्या मासास्ले तहान लागनी तं काय करतस?"

मी नानांनाच माठातलं पाणी आणून दिलं.

तर टाकीत दोन नारिंगी-पांढरे जोकर मासे होते आणि एक निळा डॅमसेल. डॅमसेल अंगठ्याएवढा, पण दादागिरी अशी, की टाकी त्याच्याच नावावर आहे असं वाटावं. त्यात सुजातानं नवा मासा आणला. पिवळा गोबी. कितीतरी महिने दुकानदाराच्या मागे लागून मुंबईहून मागवलेला. बोटाएवढा गरीब जीव, दगडाखालच्या बिळातून नुसतं तोंड काढून जगाकडे बघत बसायचा.

जाताना ती म्हणाली, "पप्पा, हा नवा आहे. जुने ह्याला त्रास देतील. ह्याला जपा हं, मला हा फार हवा होता."

"तू बिनघोर जा," मी म्हणालो. इथंच सगळं बिघडलं.

आता मला सांगा, आपल्याकडे पाहुणा आला की काय करतात? आधी त्याच्या ताटात वाढतात. तो नको म्हणाला की हमखास वाढतात. भरिताची वाटी रिकामी दिसली तर घरच्या माणसाची मान खाली जाते. मग मासा झाला म्हणून काय झालं? मी एक लांब नळी घेतली, तिच्यात कोळंबीचा बारीक चुरा भरला आणि नळीचं टोक थेट गोबीच्या बिळाच्या तोंडाशी नेलं. पहिला मान पाहुण्याचा. "घ्या, लाजू नका," असंही म्हणालो. बाकीचे तिघं वरून टकामका बघत होते.

दुसऱ्या दिवशी बघतो तर गोबीचा पर फाटलेला. आणि निळा बिळाच्या दारात उभा!

सुजाताला फोन केला. ती म्हणाली, "काचेला बाहेरून आरसा लावून बघा. निळ्याला वाटेल दुसरा निळा आलाय, तो त्याच्याशी भांडत बसेल."

मी प्रमिलाचा, म्हणजे बायकोचा, आरसा लावला. काय सांगू, निळा जो तुटून पडला! दिवसभर स्वतःशीच मारामारी. प्रमिला भांग पाडायला आरसा शोधत आली.

"माझा आरसा?"

"त्यात युद्ध चालू आहे."

पण जेवणाची वेळ झाली, मी नळी घेऊन आलो, आणि निळ्यानं आरशातलं युद्ध अर्ध्यावर सोडलं. तडक बिळाकडे. पाहुण्याला आणखी एक चावा.

पुन्हा फोन. "पप्पा, दगडांच्या जागा बदला. सगळ्यांनाच घर नवं झालं की कुणाचा इलाका राहत नाही." मी काखेपर्यंत हात घालून सगळी वस्ती हलवली. गोबीनं बिचाऱ्यानं मागच्या कोपऱ्यात नवं बीळ शोधलं. निळ्याला ते सापडलं नाही. मी मात्र शोधून काढलं आणि नळी बरोबर तिथं नेली. पाहुण्यानं जागा बदलली म्हणून आपण वाढायचं थांबतो का?

पुन्हा चावा.

मग नाना म्हणाले, "ह्या निळाले कोंडी दे रे भाऊ." हे मला एकदम पटलं. मी जाळी घेतली, नानांनी बॅटरी धरली. निळ्यानं आम्हा दोघा म्हाताऱ्यांना दुपारभर पळवलं. सोफा भिजला, नानांचं धोतर भिजलं. पण धरला. जाळीच्या टोपलीत घालून टाकीतच कोंडला. म्हटलं, झाली शांतता. त्या आनंदात पाहुण्याला दुप्पट वाढलं.

आणि दोघांतला एक जोकर धावून आला. जोकर! इतके दिवस ज्यानं कुणाला वाकडं बघितलं नाही, तो गोबीला ढुशा मारत होता.

आता गोबी बाहेर यायचाच बंद झाला. नुसता धापा टाकत पडून राहायचा.  पोरीनं जपायला दिलेला एक जीव, आणि मी तिला काय दाखवणार होतो? काळजीनं मी आणखी वाढायला लागलो.

सुट्टीला सुजाता आली. बॅगही खाली न ठेवता टाकीपुढे उभी राहिली. नाना होतेच.

"रोज घालता तसं खायला घाला बघू."

मी नळी उचलली, बिळाच्या तोंडाशी नेली. जोकर सुसाट खाली आले.

"पप्पा, थांबा. तुम्ही रोज इथंच घालता?"

"मग? पाहुणा आहे तो."

"अहो, सगळं जेवण त्याच्या एकट्याच्या दारात टाकलंत तर बाकीचे कुठं जाणार? तो लपून बसलाय, आणि तुम्ही वाजतगाजत त्याचं घर दाखवताय."

नाना हळूच म्हणाले, "म्हंजे गुंडास्ले पत्ता तूच दिधा."

मी नळी खाली ठेवली. 

सुजातानं निळ्याला सोडलं. टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला वरच्यावर चुरा टाकला. निळा आणि जोकर तिकडे खाण्यात गुंतले. तिनं गोबीच्या बाजूला चिमूटभर चुरा नुसता पाण्यात सोडला आणि आम्हाला मागे सरकवलं. बराच वेळ काही नाही. मग पिवळं तोंड बाहेर आलं, वाहत आलेला एक कण त्यानं टिपला, मग दुसरा. कुणी आग्रह न करता! माझा जीव भांड्यात पडला.

"वाचेल ना गं?"

"वाचेल. पर पण भरून येईल. फक्त एक करायचं. आता आई खायला घालेल, आणि त्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरात बसायचं."

बसतोय तेव्हापासून. माशांची जेवणं झाली की मला बाहेर बोलावतात. गोबी चांगला जाडजूड झालाय, निळ्याच्या समोरून फिरतो.

परवा असाच आत बसलो होतो. प्रमिला माशांना घालून आली आणि म्हणाली, "पहूरचा माझा भाऊ आपल्याकडे जेवायला का येत नाही, ते मला आत्ता कळलं."